पर्यावरणाचा पेपर कागदपत्रांचा हवा

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांची फेरमांडणी सुरू झाली आणि पर्यावरणाच्या अनिवार्य विषयावरचा जुना वाद पुन्हा उकरला गेला. एक बाजू म्हणते, बी.कॉम.च्या मुलाला ओझोनचा थर शिकवून काय साधतं? विषय काढून टाका, ते तास कौशल्यांना द्या. दुसरी म्हणते, हवामान बदलतंय, तेव्हा उलट श्रेयांक वाढवा, आणखी दोन घटक घाला, झाडं लावणं सक्तीचं करा. दोघंही तासांच्या संख्येवर भांडताहेत. त्या तासांत नेमकं काय होतं याबद्दल दोन्हीकडे सारखंच मौन आहे. या विषयाचा निम्म्याहून जास्त वेळ पर्यावरणाचा कायदा आणि नैसर्गिक संसाधनांचा हिशेब यांवर गेला पाहिजे, तोही पाठ्यपुस्तकातल्या व्याख्यांतून नव्हे, खऱ्या कागदपत्रांतून. ते जमणार नसेल, तर विषय बंद करा म्हणणाऱ्यांचं बरोबर आहे, हेही कबूल करून टाकावं.

हा विषय वर्गात आला कसा, ते आधी बघू. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २२ नोव्हेंबर १९९१ रोजी आदेश दिला. चित्रपटगृहांत पर्यावरणाच्या स्लाइड फुकट दाखवा, आकाशवाणी-दूरदर्शनवर कार्यक्रम करा, शाळा-महाविद्यालयांत विषय सक्तीचा करा, असं त्यात होतं. त्यामागचा विचार आज कुणाला आठवत नाही. लोकांचं वागणं कायद्याप्रमाणे व्हायचं असेल, तर कायदा काय मागतो हे आधी लोकांना ठाऊक हवं, अशी न्यायालयाची मांडणी होती. म्हणजे जन्मतःच हा विषय कायदा-साक्षरतेचा होता. पुढे आदेशाची अंमलबजावणी होत नाही म्हणून २००३ साली न्यायालयाला पुन्हा कान पिळावा लागला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम देशभर लागू झाला. एकूण ५० व्याख्यानं. त्यांतली ७ ‘सामाजिक प्रश्न आणि पर्यावरण’ या घटकाला. त्या सातांत शहरांचा ऊर्जाप्रश्न, पुनर्वसन, पर्यावरण-नीती, हवामान बदल, अणु-अपघात, पडीक जमिनी, उपभोगवाद आणि शेवटी पाच कायदे. एका कायद्याच्या वाट्याला अर्धा तासही येत नाही. महाराष्ट्रातल्या ताज्या रचनेत तर पर्यावरण ‘मूल्यशिक्षण’ या टोपलीत पडलं आहे. पाणी कुणाला किती, धूर कुणाचा आणि तो मोजायचा कुणी, हे प्रश्न सुविचारांच्या शेजारी बसवले की त्यांचं काय व्हायचं ते होतं.

परिणाम उत्तरपत्रिकांत दिसतो. ‘पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ : टीप लिहा.’ उत्तर ठरलेलं: भोपाळनंतर आलेला कायदा, छत्रीसारखा, उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. पैकीच्या पैकी गुण. पण जनविश्वास कायद्यानं ही तरतूद बदलली. १ एप्रिल २०२४ पासून तुरुंगाऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतची शास्ती आणि ती ठरवायला न्यायनिर्णय अधिकारी, अशी रचना आली. बदल चांगला की वाईट, यावर वर्गात कडाक्याचं भांडण होऊ शकतं आणि व्हायला हवं. दुसरं उदाहरण त्याहून ताजं आहे. प्रकल्प उभा करून मागाहून पर्यावरण मंजुरी घेण्याची पळवाट सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये बंद केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं स्वतःचाच तो निकाल मागे घेतला. सहा महिन्यांत कायदा इकडून तिकडे जातो तिथे पाठांतराला किंमत किती? शिकवायची ती कागद शोधण्याची, वाचण्याची, त्यातला हिशेब पडताळण्याची सवय. ती असली की कायदा बदलला तरी विद्यार्थी मागे पडत नाही.

साखर कारखान्याचं संमतीपत्र घ्या. पाण्यासाठी जल अधिनियम, १९७४ आणि धुरासाठी हवा अधिनियम, १९८१ नुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून कारखान्याला ते घ्यावं लागतं. उत्पादन किती, पाणी किती उचलायचं, सांडपाणी रोज किती घनमीटर, ते कुठे सोडायचं, कोणत्या मानकांत बसवायचं, धुराडं किती उंच, बँक हमी किती, मुदत कधीपर्यंत, हे सगळं त्यात असतं. रोज ५,००० टन गाळप करणारा कारखाना आहे, असं धरू. साखर उद्योगासाठी २०१६ साली केंद्रानं अधिसूचित केलेल्या मानकांनुसार प्रक्रिया केलेलं सांडपाणी टनामागे १०० लिटरच्या आत हवं. म्हणजे दिवसाला पाच लाख लिटर, ५०० घनमीटर. ते शेतीला द्यायचं तर मातीच्या प्रकारानुसार मर्यादा आहे: वालुकामय जमिनीत हेक्टरी रोज २२५ ते २८० घनमीटर, चिकण मातीत ३५ ते ५५. आपल्याकडचे बरेच कारखाने काळ्या, चिकण जमिनीच्या पट्ट्यांत आहेत. मग ५०० घनमीटरसाठी ९ ते १४ हेक्टर लागतात. कारखान्यानं कागदावर चार हेक्टर दाखवले असतील, तर उरलेलं पाणी जातं कुठे? हा भागाकार बी.कॉम.च्या मुलाला येतो. उलट, ताळेबंदात न जुळणारा आकडा शोधायचं शिक्षण त्यालाच मिळतं. वनस्पतिशास्त्राच्या मुलापेक्षा तो इथे पुढे असेल.

आता यातलं बिघडतं काय ते पाहा. सांडपाण्यावर प्रक्रिया करणारे जिवाणू बटण दाबल्यावर कामाला लागत नाहीत. त्यांची वाढ व्हायला आठवडे लागतात, आणि कारखाना वर्षातले कित्येक महिने बंद असतो. दिवाळीच्या सुमारास मोळी टाकली, गाळप सुरू झालं, पण प्रक्रिया टाकीत पुरेसा जिवंत गाळच नाही, तर पहिल्या काही आठवड्यांचं पाणी जवळपास तसंच ओढ्यात जातं आणि मासे मरतात. म्हणून त्याच अधिसूचनेत अट आहे की प्रक्रिया केंद्र हंगामाआधी एक महिना सुरू करून स्थिर करायचं आणि हंगाम संपल्यावरही महिनाभर चालवायचं. अट पाळली की नाही हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. प्रक्रिया केंद्राला वेगळा वीजमीटर असेल तर गाळपाआधीच्या महिन्याचे युनिट बघायचे. जिवाणूंना हवा पुरवणारे ब्लोअर चालले असतील तर आकडा बोलेल. एका संमतीपत्रात जीवशास्त्र, रसायन, हिशेब आणि कायदा असे एकत्र येतात. ‘परिसंस्था म्हणजे काय’ या प्रश्नाला इतकं जिवंत उत्तर दुसरीकडे मिळेल?

नमुना घेणं तर स्वतंत्र प्रकरण आहे. प्रकल्पाच्या नावाखाली विद्यार्थी बिसलेरीच्या बाटलीत नदीचं पाणी भरून आणतात, दोन दिवस ती वर्गात उन्हात पडून राहते आणि मग ‘बीओडी’, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, काढला जातो. त्या आकड्याला काही अर्थ नसतो, कारण बाटलीतल्या जिवाणूंनी तोवर आपलं जेवण उरकलेलं असतं. नमुना बर्फात ठेवून आणायचा, चाचणी शक्य तितकी लवकर लावायची, भारतीय पद्धतीनं २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस. विरघळलेला प्राणवायू मोजायचा असेल तर बाटली बुडबुडा न राहू देता भरायची आणि मँगनीज सल्फेट व अल्कलाइन आयोडाइड-अझाइड काठावरच घालून प्राणवायू बांधून टाकायचा. हे झालं विज्ञान. जल अधिनियमाचं कलम २१ त्यापुढे जातं: कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याच्या किंवा त्याच्या माणसाच्या समोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही भांडी सीलबंद, दोघांच्या सह्या, एक मंडळाच्या प्रयोगशाळेत आणि कारखानदारानं मागितलं तर दुसरं राज्य प्रयोगशाळेत. यातली पायरी चुकली तर पृथक्करणाचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहत नाही. नदी काळी ठिक्कर पडलेली असो, खटला सुटतो. हे ज्याला ठाऊक नाही तो ‘कायदे आहेत पण अंमलबजावणी नाही’ असं वाक्य लिहून मोकळा होतो. अंमलबजावणी कोणत्या पायरीवर निसटली, ते त्याला सांगता येत नाही.

तारखांचंही तसंच. प्रकल्पाच्या जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात द्यावी लागते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा प्रतिनिधी लागतो. सारं चित्रित होतं. गणसंख्येची अट नसते, म्हणजे बहिष्कार टाकला तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं. शेवटी नोंदवलेले मुद्दे स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. त्या क्षणी ‘आमचा भूजलाचा मुद्दा यात आलेला नाही’ असं उठून सांगणारा एक माणूस मंडपात असला तर पुढच्या सगळ्या लढाईला आधार मिळतो. मंजुरी मिळाल्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६०. एक्क्याण्णवाव्या दिवशी दार बंद. उशीर माफ करायचा अधिकार न्यायाधिकरणालाच नाही. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे, म्हणजे तीन महिने मोर्चे काढणाऱ्यांना ते लांबही नव्हतं. त्यांची निसर्गावरची माया कमी पडली का? कॅलेंडर कमी पडलं.

याविरुद्धचे आक्षेप हलके नाहीत. सर्वांत वजनदार आक्षेप शिक्षकांचा आहे. हा विषय शिकवतं कोण? ज्याचा कार्यभार भरत नाही तो. कुठे भूगोलाचा, कुठे मराठीचा, कुठे तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, ज्याला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हेही माहीत नाही. समोर सव्वाशे मुलं. त्याच्या हाती संमतीपत्र देणं हा त्याच्यावरच अन्याय नाही का? आहे. पण आज त्याच्या हाती जे आहे ते काय न्यायाचं आहे? ज्या विषयाची पदवी नाही त्या विषयाचे आठ घटक वरवर उरकणं, हे एक संमतीपत्र, एका पर्यावरणीय आघात अहवालाचा, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे सांगणाऱ्या अहवालाचा, सारांश आणि धरणाच्या पाण्याचं एक वेळापत्रक सत्रभर नीट वाचण्यापेक्षा कठीण आहे. आठाऐवजी तीनच कागद दिले तर भूगोलवाला पाण्याचं, वाणिज्यवाला संमतीपत्राचं आणि रसायनवाला नमुन्याचं प्रकरण आपापल्या जोरावर घेऊ शकतो. गावात विधी महाविद्यालय असेल तर तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सरावासाठी याहून चांगलं काम नाही. कागद फुकट आहेत: संमतीपत्रं मंडळाच्या संकेतस्थळावर, पर्यावरण मंजुरीची प्रकरणं केंद्राच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर, आणि जे नाही ते माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर.

दुसरा आक्षेप भाषेचा, आणि तो मान्यच करावा लागतो. आघात अहवाल शेकडो पानांचे, इंग्रजीत, सल्लागारांच्या ठोकळेबाज भाषेत. मराठी सारांश देणं बंधनकारक असलं तरी त्यांतले काही वाचून ते मराठी आहे यावर विश्वास बसत नाही. पण सामान्य माणसाला सरकारी कागद कळत नाही, हा समज इतिहासानं पुरता खोडून काढला आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यात सातवी शिकलेला शेतकरी सात-बारा घडाघडा वाचतो. ‘इतर हक्कां’त सोसायटीचा बोजा आहे का, पीकपाहणीत कुणी दुसऱ्यानं नाव घुसवलंय का, हे त्याला एका नजरेत कळतं. कुणी विद्यापीठानं शिकवलं नाही. जमीन जायची भीती होती, म्हणून शिकला. राजस्थानात डिसेंबर १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेनं जनसुनवाया घेतल्या, तेव्हा सरकारी कामांवरचे हजेरीपट गावासमोर मोठ्यानं वाचले गेले, आणि मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी उचलल्याचं अक्षरओळख नसलेल्यांनी दाखवून दिलं. त्यातून पुढे माहिती अधिकाराचा कायदा उभा राहिला. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावानं वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवला, २००६चा वनहक्क कायदा वाचला आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. तरी बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना मिळेना. तो परवाना ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडलं आणि केंद्रीय मंत्र्याला गावात यावं लागलं. हक्क आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या गावातल्या माणसाला पदवीधरापेक्षा जास्त स्पष्ट ठाऊक आहे. मग पदवीच्या तीन वर्षांत आपण नेमकं काय देतो?

तिसरा आक्षेप मला सर्वांत आवडणारा आणि तरीही चुकीचा वाटतो: आधी निसर्गाची ओढ निर्माण करा, कायदा मागाहून येईल. पक्षी दाखवा, देवराईत न्या. जरूर न्या. पण ओढीनं सुटत नाहीत असे प्रश्नच महाराष्ट्रात मोठे आहेत. नाशिक-अहिल्यानगरचा विद्यार्थी आणि छत्रपती संभाजीनगरचा विद्यार्थी, दोघांनाही गोदावरी आईच आहे. जायकवाडीत पाणी सोडायचं की नाही यावर ते दोघं काय बोलणार? तिथे कामाला येतो तो महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५चा कायदा, त्यातलं खोऱ्यातल्या समन्यायी वाटपाचं कलम, आणि २०१४चा आदेश: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. उपयुक्त साठा साधारण ७६.६५ टीएमसी, त्याचे ६५ टक्के म्हणजे जवळपास ५०. मग पुढचे प्रश्न. वरून दहा टीएमसी सोडले तर पैठणला किती पोचतात? कोरडं पात्र किती पितं, वाटेतल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या आधी काढल्या का, काठावरच्या मोटारींची वीज तोडली का? तोडली तर तिथल्या उभ्या पिकाचं काय? इथे दोन्ही बाजूंना न्याय्य म्हणणं आहे, आणि विद्यार्थ्यानं आकडे हातात घेऊन दुसऱ्याची बाजू मांडून बघणं हे कुठल्याही शपथेपेक्षा मोठं मूल्यशिक्षण आहे. (दरवर्षी पर्यावरण दिनाला प्लास्टिकच्या फ्लेक्सखाली घेतल्या जाणाऱ्या शपथेबद्दल तर न बोललेलंच बरं.)

उरला उघड न बोलला जाणारा आक्षेप: कायदा शिकवलात की पोरं प्रकल्प अडवतील, माहिती अधिकाराचे अर्ज टाकून खंडण्या मागतील. असं करणारे लोक आहेत, हे खोटं नाही. पण त्यांना कायदा वर्गात शिकवावा लागला नाही आणि वर्गात न शिकवल्यानं ते थांबलेही नाहीत. त्यांचं दुकान चालतं ते इतरांच्या अज्ञानावर. गावातल्या पन्नास तरुणांना संमतीपत्र वाचता येत असेल तर एकाच्या धमकीला किंमत राहत नाही. आणि अडवणूक म्हणाल तर गोव्यातल्या मोपा विमानतळाचं प्रकरण वर्गात घ्या. पर्यावरण मंजुरीच्या अर्जाच्या फॉर्म १ मध्ये आसपासच्या १५ किलोमीटरमधली जंगलं आणि संवेदनशील क्षेत्रं नीट दाखवलेली नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाला दिसलं. मार्च २०१९ मध्ये मंजुरी स्थगित झाली, प्रकरण तज्ज्ञ समितीकडे परत गेलं, अटी वाढल्या, जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली. विमानं आज उडताहेत. रकाना सुरुवातीलाच खरा भरला असता तर विकासकाचे दहा महिने वाचले असते. हे मत मांडायला पर्यावरणवादी असावं लागत नाही. प्रकल्प व्यवस्थापनाच्या मुलांनी तर ते पाठच करावं.

मंडळांत मंजूर पदं रिकामी आहेत, एकेका क्षेत्र अधिकाऱ्याच्या गळ्यात शेकडो उद्योग आहेत, मग कायदा शिकून फक्त वैफल्य येणार, हे म्हणणं मात्र पूर्ण खोडता येत नाही. काही मुलांना वैफल्य येईलही. तरी पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही अनुपालन अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, कारखान्याचं पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५, ३० सप्टेंबरपर्यंत. हे कागद तपासायला मंडळाकडे माणसं नाहीत आणि महाविद्यालयांकडे लाखो मुलं आहेत, ज्यांच्याकडून आपण ‘माझ्या परिसरातील प्रदूषण’ या विषयावरचे झेरॉक्सवाल्याकडून बांधून आणलेले तेच ते प्रकल्प घेतो. क्षेत्रभेटीचे २५ गुण कित्येक वर्षं अभ्यासक्रमात आहेतच. नवा निधी नको, नवं पद नको.

बदल प्रश्नपत्रिकेपासून करावा, कारण आपल्याकडे जे विचारलं जातं तेच शिकवलं जातं. ‘टीप लिहा’ काढून टाका. परीक्षेत संमतीपत्राची दोन पानं आणि एक पृथक्करण अहवाल छापून द्या. अहवालात बीओडी लिटरला ६८ मिलिग्रॅम आहे. उल्लंघन झालं का? जमिनीवर सिंचनासाठी मर्यादा १०० आहे, म्हणजे शेतात सोडलं असेल तर नाही. ओढ्यासाठी ती ३० आहे, म्हणजे तिथे सोडलं असेल तर झालं. आणि संमतीपत्रात फक्त शेतीच लिहिलेली असेल, तर ओढ्यात गेलेल्या पाण्याचा बीओडी २० निघाला तरी उल्लंघनच. तिसरी शक्यता लिहिणाऱ्याला एक गुण जास्त द्यावा.